शेरा

शेवंती नाखवा, मीटर वाचक, पाणी खाते.
राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे.
अंगावरची खूण: डाव्या भुवईत तीळ.
सेवापुस्तिकेचं हे पहिलं पान माझ्या अक्षरातलं,
नगरपालिका होती तेव्हाची शाई, आता तपकिरी.

पहिला अर्ज त्र्याहत्तरचा.
अर्जित रजा, दिवस अठ्ठावीस,
कारण: बर्फात चालण्याचे शिक्षण.
साहेबांनी कारणाभोवती लाल गोल काढला,
म्हणाले, कर्णिक, विचारा हिला, घरात कुणाचं लग्न आहे का.
विचारलं.
ती म्हणाली, लग्नानं मंजूर होत असेल तर लग्न लिहा.
मी लिहिलं, घरगुती.

पुढं बारा-तेरा वर्षं
तिच्या घरात फारच काही काही होत राहिलं.
दर मे महिन्यात घरगुती.
घरगुती, सहा हजार शंभर मीटर.
घरगुती, सहा हजार सातशे.
शिखरांची नावं ती अर्जाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायची,
मला एकही धड म्हणता आलं नाही.

रविवारी मुंब्र्याच्या कड्यावर,
पातळ घडी करून पिशवीत,
भावाची पँट कमरेला सुतळीनं आवळलेली.
खालून माणसं ओरडायची, अहो बाई, जीव द्यायचाय का?
सोमवारी दहाच्या ठोक्याला मस्टरवर सही,
नखांत काळा दगड.

तिची आय एकदा बाजारात भेटली, पुढ्यात मांदेलीची पाटी.
म्हणाली, भरतीचं पानी आमचे उंबऱ्याला लागतं, साहेब,
एवऱ्या वर पोरीला कंचं म्हावरं गावतं?
मी दोन वाटे मांदेली घेतली आणि निघालो.

शहाऐंशी साली रजा संपून अकरा दिवस झाले,
ती आली नाही.
विनापरवाना गैरहजर, मी लिहिलं.
वेतनवाढ रोखली. नियम आहे.
आली तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं
मधल्या पेरापर्यंतच होती.

त्या भिंतीवर बायकांची ती पहिलीच दोरी.
माथा कुठं होता? तर इथून कोर्ट नाक्याएवढा.
दोरीवरची दुसरी, दार्जिलिंगची पेमा,
तिला पहाटे दिसेनासं झालं.
मग?
मग काय, उतरलो.
लिटरभर बर्फ वितळायला दोन तास लागतात, कर्णिक,
तिथं मीटर बसवा, मग कळेल पाणीपट्टी.
एवढं बोलून ती कोपरीच्या फेरीला गेली.

पुढच्या मोसमात दुसऱ्याच बायका त्या माथ्यावर पोचल्या.
पेपरात पहिल्या पानावर फोटो.
तो पेपर तिनं डब्याला गुंडाळला होता,
फोटो आतल्या बाजूला.

नंतर तिनं सात मोहिमा नेल्या, सगळ्या पोरी,
वागळे इस्टेटच्या, कळव्याच्या, एक तर वसईहून यायची.
त्यातल्या चार सात हजारांच्या वर जाऊन आल्या.
ती स्वतः पुन्हा गेली नाही त्या भिंतीकडे.
का, ते कोणत्याही अर्जात नाही.

दोन हजार पाचला हजेरीचं यंत्र आलं.
उजवी तर्जनी ठेवा. तर्जनीच नव्हती.
डावी ठेवली. दोरानं घासून सपाट झालेलं ते बोट,
यंत्र म्हणालं, ओळख पटली नाही.
पुन्हा ठेवा. ओळख पटली नाही.
मागं रांग लागली, कुणी हसलं, तीही हसली.
शेवटी आदेश निघाला,
नाखवा यांची हजेरी कर्णिक यांनी हाताने लिहावी.
दोन वर्षं लिहिली.

निवृत्तीच्या दिवशी पुस्तिका बंद करताना तिनं पान उलटवलं,
अर्ध्या बोटानं त्या अकरा दिवसांवर टेकवलं.
पैसे कापलेत ते राहू देत, म्हणाली,
कारणाचा रकाना कोरा आहे.

खाडाखोड चालत नाही. पण कोऱ्या रकान्याला
नियम काही म्हणत नाही.
मी लिहिलं: उतरत होत्या.
आणि टोपण न लावता विचारलं,
शिखराचं नाव एकदा नीट सांगा, या वेळी चुकणार नाही.

शिखर नको, म्हणाली.
पेमा लिहा. एकच मात्रा.