आतड्याचं खातं

तळोज्यात केमिकलचा वास संपला
की आमचा सुरू व्हायचा.
निळी पाटी: घोडके-कुरेशी फ्रोझन.
दोघांची सुरुवात पंचनंदला, चिंचेच्या एका ओंडक्यावर;
ओंडका पुढे गेटपाशी ठेवला होता, हार घालून.

मी लागले तेव्हा नऊ खाती होती.
माझं आतड्याचं.
कोमट पाणी, मीठ, परत पाणी.
संध्याकाळी बोटं कुणा दुसरीची वाटायची.
एका बकऱ्याचं आतडं किती लांब, मला विचारा:
आमच्या चाळीच्या नळापासून संडासापर्यंत,
वर थोडं उरतं.

घोडकेशेठ काही फेकू द्यायचे नाहीत.
मटण न्हावा-शेव्याहून दुबईला,
हाडांतून कॅप्सूलची टरफलं,
आतडं पिळून, ताणून
रॅकेटची तार, नाहीतर ऑपरेशनचा टाका.
शिंगांचं काय व्हायचं, आता आठवत नाही.
शेअर निघाला त्या दिवशी
प्रत्येकाला पाव किलो खिमा. पेढे नाहीत.

मग बेलापूरच्या काचेच्या इमारतीने आम्हांला घेतलं.
तिच्याकडे आधीच दोन हॉटेलं होती,
विमानाचे नटबोल्ट होते, आणि खूप कर्ज,
हे नंतर कळलं.
एक पोरगा आला, प्लास्टिकची टोपी घालून.
नाकाला रुमाल लावला नाही, त्याचं कौतुक वाटलं.
खातं-खातं हिंडला, वहीत लिहीत.

अब्बासचाचा नव्या पोरांना शिकवायचे:
हाडावर सुरा घालू नको, धार जाते.
सांधा शोध.
सांधा सापडला की जोर लागत नाही.

पोराला सापडला.
मटण एकाला, टाके पुण्याच्या औषधवाल्याला,
तारा जालंधरला.
एकत्र असताना जेवढ्याला गेलो
त्याच्या दुप्पट आले म्हणतात, सुटे विकून.

आमचं खातं कुठल्या वाटणीत धरायचं,
खेळात की औषधात,
यावर दोन महिने पत्रं फिरली.
आम्ही सतराजणी धूत राहिलो.
मग पाणी बंद झालं.

घोडकेशेठ पाटी उतरवताना आले होते.
काही बोलले नाहीत.
ओंडक्यावर बसले, चहा मागवला,
कुरेशीशेठना अर्धा दिला.

परवा वाशीला फंडाच्या कचेरीत
खिडकीतली मुलगी म्हणाली, मावशी,
कंपनीचं नाव?
मी तिन्ही सांगितली.
रकाना एकच आहे, म्हणाली.
मागे रांग वाढत होती.
पेन हातात घेऊन मी
किती वेळ तशीच उभी.