तळ दिसणारा रस्सा

पासपोर्टच्या फॉर्मवर पोराने 'गृहिणी' लिहिलं.
मी म्हटलं, खोड. कोथिंबीर लिही.
बावीस वर्षं दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात
संध्याकाळच्या लिलावाला उभी असते मी,
जुडी नुसती उचलून सांगते
पाला किती आणि पाणी किती मारलंय.
तो हसला, 'व्यापार' लिहून मोकळा झाला.

सोबत नणंद, शशिकला.
बॅगेत तिच्या चार कपडे आणि सहा डबे.
कसाऱ्याचा घाट उतरताना तिला उलटी झाली,
विमानात नाही.
ढगांच्या वर गेल्यावर म्हणाली,
"वहिनी, घाटापेक्षा हा रस्ता बरा आहे."

सायगॉन. पहाटेचे साडेपाच.
फुटपाथवर निळी प्लास्टिकची स्टुलं,
आपण अंघोळीला घेतो तेवढीच.
गुडघे पार कानाशी आले.
बाईने समोर वाडगा ठेवला:
पांढऱ्या शेवया, कोंबडीचे धागे,
आणि रस्सा असा, की तळाला काढलेली मासोळी
शेपटीसकट दिसत होती.

आमच्या नाशकात तळ दिसणारा रस्सा म्हणजे
पाहुण्याला सांगणं, आता निघा.
आम्हाला वर बोटभर तर्री हवी,
जिभेच्या आधी डोळ्यांना पाणी आणणारी.
वन्संनी मुकाट्याने चटणीचा डबा काढला.
मी त्यांचा हात धरला.
थांबा. आधी एक घोट.

रात्रभर कोणीतरी जागं राहिलंय,
पहिल्यांदा एवढंच कळलं.
भाजलेलं आलं, करपवलेला कांदा, दालचिनी, चक्रीफूल,
सगळे येऊन गेले होते
आणि जाताना कोणी दार आपटलं नव्हतं.
वन्संनी डब्याचं झाकण लावलं.

मग आलं पाल्याचं ताट.
वर भुरभुरवायला नाही, जेवायला.
मुगाचे लांबच लांब मोड, तुळशीची कुणी चुलत बहीण,
करवतीच्या कडेचं एक पान, चुरगळलं तर वास थेट आमच्या गाळ्याचा.
आणि बाईच्या टोपलीत, लाल दोरीने बांधलेली,
माझी कोथिंबीर.

राहवलं नाही. उठले, जुडी तळहातावर तोलली,
बोटांनी दाखवलं: एकशेऐंशी.
तिने भुवई उडवली, काट्यावर टाकली.
एकशेपंच्याहत्तर.
मी पानांवरचं पाणी झटकून दाखवलं,
तशी ती इतकी हसली की शेजारचा रिकाम्या दुचाकीवर झोपलेला माणूस उठला.
छातीवर हात ठेवून म्हणाली, ह्वे.
मी म्हटलं, कौसल्या.
तिला 'कोशा' एवढंच जमलं.
मला 'फो' जमेना. शब्द म्हणताना म्हणे
सूर खाली न्यायचा आणि प्रश्न विचारल्यासारखा वर आणायचा.
बरोबर म्हटलं तेव्हा वाडग्यात एक तंगडी जास्त पडली.

नंतरचे सहा दिवस बरंच खाल्लं:
हळदीचं धिरडं, पानात गुंडाळून;
शिळ्या पावाला लाजवेल असा कुरकुरीत पाव;
कॉफी, जी थेंबाथेंबाने पडेपर्यंत
वन्संनी मला माहेरचा सगळा जुना हिशेब सांगितला,
तीस वर्षांत न सांगितलेला.
त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

परत आले त्या आठवड्यात भाव कोसळला.
शेकड्याला दोनशे. शेतकरी जुड्या तिथेच टाकून निघाले.
दरवर्षी बघते, दरवर्षी हिशेबाची वही बंद करते.
या खेपेला वीस जुड्या रिक्षात घातल्या.
घरी गॅसवर थेट कांदा धरला, आलं धरलं,
कोंबडी मंद आचेवर सोडली रात्रभर.
दोनदा उठले. एकदा नुसतंच बघायला.

सकाळी ओट्यावर बाथरूममधली दोन स्टुलं.
वन्सं आल्या, शेवया घेऊन, डबा न घेता.
समोरच्या दगूभाऊंनी वाडग्यात डोकावून विचारलं,
"वहिनी, फोडणी राहिली का?"

मी मूठभर कोथिंबीर, काड्यांसकट,
त्यांच्या वाटीत घातली
आणि म्हटलं, फो.
सूर खाली नेऊन, मग वर.
त्यांना वाटलं मी काहीतरी विचारतेय.