पाय धुवायचा नळ

समुद्र दिसेल अशी खोली घेतली होती,
दिवसाला अकराशे जास्त मोजून.
बाणावलीला पोचलो तेव्हा दोघंही गाढ झोपलेली,
एक माझ्या खांद्यावर, एक दिगंतच्या,
आणि समुद्र समोर असूनही
आम्ही आधी पलंग कुठल्या बाजूला भिंतीला लागतो ते पाहिलं.

रेणू तीन वर्षांची, निमिष दीडचा.
सकाळी तिनं समुद्र पाहिला
आणि माझ्या मानेला असा विळखा घातला
की तिची नखं मोजता आली असती.
"हा खूप मोठा आहे," ती म्हणाली,
"लहान दाखव."

लहान कुठून आणणार?
निमिषनं तोवर मूठभर वाळू खाल्ली होती
आणि दुसरी मूठ बापाला भरवत होता.
बाप आ करत होता.

वाळू संपून हिरवळ सुरू होते तिथे
माडाच्या बुंध्याशी एक नळ होता,
गुडघ्याएवढा, पितळी, जरा ढिला,
पाय धुवायचा.
तिथे ती खाली उतरली.

तीन दिवस तिनं त्या नळाखाली
एकच शिंपला धुतला.
समुद्रावरून येणाऱ्या माणसांना ती रांगेत उभं करायची.
एका जाड्या रशियन आजोबांना तिनं मराठीत सांगितलं,
टाचासुद्धा.
त्यांनी टाचा धुतल्या.
घरी फोनवर मी आईला म्हटलं,
हो, खूप खेळतायत ना समुद्रात.

दुपारी दोघं निजली की
आम्ही न्हाणीघरात जाऊन बसायचो, दार लोटून,
कारण खोलीत चमचा वाजला तरी निमिष उठतो.
टबाच्या काठावर दिगंत, कमोडच्या झाकणावर मी,
मधे बादली पालथी, तिच्यावर
गार झालेली माशाची कढी आणि बेबिंकाचा एक तुकडा.
पदर मोजत मोजत खाल्ला.
सात होते. चौथ्याला तो म्हणाला,
"तू बरी आहेस ना?"
पाचव्यापर्यंत मला उत्तर सुचलं नाही.
मग पुष्कळ बोललो, कुजबुजत,
पंख्याच्या आवाजाआड, शाळेतल्या पोरांसारखे.
समुद्र बाल्कनीत होता.
त्याचे पैसे रोज भरत होतो.

साडेसहाला आग्नेल यायचा.
नळामागचा कॉक फिरवायचा,
एक थेंब, अजून एक, मग काही नाही.
रेणू शेवटचा थेंब शिंपल्यात झेलायची
आणि शहाण्यासारखी चालू लागायची.
बंद झालं की बंद, तिला पटतं ते.

शेवटच्या संध्याकाळी मात्र हलेना.
आग्नेलच्या पँटला धरून
तिनं पलीकडे बोट दाखवलं, लाटांकडे.
"आता तो पण बंद कर."

आग्नेलनं वळून पाहिलं.
जन्म तिथे गेलेला माणूस,
पण त्या क्षणी त्यानंही जरा शोधलं असावं,
कुठे चावी दिसते का.
"तो बंद जायना, बाये."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
पाणी वाया जातंय आणि
एवढी मोठी माणसं नुसती उभी.
मग ती निघाली. एकटी.
मी एक पाऊल टाकलं, दिगंतनं माझा दंड धरला.
ओल्या वाळूपर्यंत गेली, वाकली,
आणि दोन्ही तळव्यांनी लाट दाबून धरली.

लाट मागे गेली.
तिनं वळून आमच्याकडे पाहिलं,
कसं पाहिलं ते मला लिहिता येणार नाही.
तेवढ्यात दुसरीनं येऊन तिला
अलगद ढुंगणावर बसवलं.
रडली नाही. चिडली.

बिलात एक टॉवेल जास्तीचा लावला होता, भरला.
गाडीत निमिष मडगाव ते लोंढा रडला,
डब्यातल्या प्रत्येकाशी आमची ओळख झाली.

घरी पोचलो रात्री.
दात घासून झाल्यावर
ती स्टुलावर टाचा उंचावून उभी राहिली,
बेसिनचा नळ घट्ट फिरवला,
थेंब थांबेपर्यंत थांबली
आणि मला म्हणाली,
"हा होतो."