ओला, सुका

सकाळी सव्वासातला रामबागेच्या वळणावरून
कचऱ्याची पिवळी गाडी गाणं वाजवत येते
आणि मी उठते ती थेट टेबलाकडे:
रात्रीची पानं निळ्या डब्यात.
एखाद्या दिवशी गाडी चुकली
तर पोलोग्राउंडच्या वीज-कचेरीत
लोकांच्या बिलांत मान घालून बसले तरी
घरातली ती पानं मला दिसत राहतात.

हिंदीत मी घाबरत नाही.
रोज चाळीस अर्जांना उत्तरं लिहिते,
‘आपको सूचित किया जाता है’,
हात अडत नाही.
पण रात्री दिवा लावून
‘आई दाराशी’ एवढं लिहिलं
की मागे कुणीतरी येऊन उभं राहतं.

कोण, ते मला ठाऊक आहे.
मावसभावाच्या लग्नात, पुण्याला,
मोरपंखी शालूतली एक बाई म्हणाली होती,
‘अय्या, किती गोड बोलता हो तुम्ही तिकडचे!’
मी फक्त विचारलं होतं,
भात संपून राहिलाय का.
पुढचे दोन दिवस मी मानेनंच बोलले.
एकोणीस वर्षं झाली.
बाई मला तिथंच, मठ्ठ्याच्या पिंपापाशी, विसरली असेल.
मी तिला इंदूरला घेऊन आले.

आमच्या घरात कुलूप नव्हतं.
आई मरेपर्यंत तालाच लावत होती,
आणि ओढून बघत होती, दोनदा.
लिहिताना मी तिच्या तोंडी
शुद्ध ‘कुलूप’ घातलं
तर खरंच, तोंडाला कुलूप.
त्या पानापासून पुढे ती बोलेचना.

‘मॅडम, ये गीला है.’
गाडीवरची कमलेश कागद चिमटीत धरून उभी.
कागद कसा ओला असेल, मी म्हटलं.
तिनं दाखवला. चहा.
मग बाकीची पानं उलटीपालटी करून:
‘एक तरफ कोरा है. ले जाऊँ?
लड़की हिसाब करेगी.’
ने, म्हटलं. कोऱ्या बाजूचं मला काय.

रंगपंचमीनंतरचा आठवडा.
गटाराच्या कडेला अजून गुलाबी.
कमलेशनं एक पान परत पुढे केलं.
पाठीमागे सतरा गुणिले आठ,
चुकलेलं, खोडलेलं, मग बरोबर.
आणि पुढे, माझ्या अक्षरांवर,
लाल पेन्सिल.

तीच ती. एवढी वर्षं जिची वाट बघत होते.
‘पाणी’ खोडून वर ठसठशीत ‘पानी’.
‘आहे’चा आ काढून टाकलेला.
‘आई’ भोवती गोल, का ते कळलं नाही.
कोपऱ्यात दहापैकी सहा.
आणि खाली, जिथे आई फाटकाशी थांबते
आणि मी भिऊन हात काढून घेतला होता,
तिथे एकच शब्द:
फिर?

‘खुशबू ने किया. चौथी में है.
सब नहीं समझती,
आधा अपने मन से जोड़ लेती है.’
ड्रायव्हरनं हॉर्न मारला.
गाणं वळणापलीकडे गेलं
आणि मी रिकामा डबा धरून फाटकात,
दहापैकी सहा मिळालेली,
वयाच्या एकावन्नाव्या वर्षी,
हसू आवरत नव्हतं, आणि नाकही वाहत होतं.

भीती गेली म्हणू नका.
काल रात्रीही शालू सळसळला मागे.
बसा, म्हटलं, खुर्ची आहे,
मला वेळ लागेल.
कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं,
दुसरीवर गुणाकार यायचेत.

कुलूप खोडलं.
आईच्या हातात ताला दिला.
तिनं तो लावला, ओढून बघितला,
पुन्हा ओढून बघितला,
पदराला हात पुसला
आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,
चल गं, उशीर होऊन राहिलाय.