कोपरं

ऐकू येणाऱ्यांच्या शाळेशी सामना असला
की आम्ही मैदानातच बोलायचो, हातांनी:
डावी बगल, तिसरी फट, चेंडू वेंडेलकडे.
त्यांच्या डोळ्यांदेखत,
तरी कानोकान खबर नाही.

आज समोर इंडियानाची कर्णबधिर मुलं.
म्हणून गोल केला,
डोक्याला डोकं, पाठींची भिंत,
आणि मी पोटाशी धरून
दोनच बोटं हलवली.

तरी त्यांचा सव्वीस नंबर
चेंडू सुटायच्या आधीच डावीकडे सरकलेला.

मी आडवा.
त्यानंच हात देऊन उठवलं,
चिखलाच्या बोटांनी म्हणाला:
तुझी कोपरं
फार ओरडतात.

पुढच्या डावाला कोपरं
बरगड्यांत रुतवून उभा राहिलो.
वेंडेल बघतच राहिला माझ्याकडे.
काय म्हणतोस?
परत सांग.