खिळे

अण्णा बातम्या वाचत नसत, जुळवत.
गंगावेशीतल्या छापखान्यात, रात्रपाळीला,
डाव्या हातात स्टिक, उजव्याची बोटं खणाखणांतून
दाणे टिपल्यासारखी
क, का, रफार, पूर्णविराम.
बातमी काय आहे ते बोटांना आधी कळायचं,
डोक्याला सकाळी, चहाबरोबर.
कधी तेही नाही.

त्र्याऐंशी साली एका रात्री बोटं थांबली.
आतलं पान, तिसरा कॉलम, तळाशी चार ओळी,
जागा उरली म्हणून घातलेल्या:
अमेरिकेत हिमोफिलियाच्या काही रुग्णांना
नवाच एक आजार,
रक्तापासून केलेल्या औषधातून येत असावा.
तो शब्द अण्णांनी आधी एकाच ठिकाणी पाहिला होता,
थोरल्या दवाखान्याच्या केसपेपरवर,
आमच्या सन्मतीच्या नावाखाली.

आमच्याकडे फ्रिज नव्हता.
मुजावरांच्या सोडावॉटरच्या दुकानात
लिंबांच्या मागे, बिस्किटाच्या डब्यात
तीन कुप्या होत्या. पांढरी पूड.
मामाच्या साहेबांनी शिकागोहून आणलेली,
आईनं गुजरीत दोन बिल्वर मोडून पैसे भागवलेली.
"एका कुपीत किती माणसांचं रक्त?"
अण्णांनी दाभोळे डॉक्टरबाईंना विचारलं.
हजारोंचं, बाई म्हणाल्या. एकत्र करून वाळवतात.
मग म्हणाल्या, बातमी तिकडची आहे मगदूम, मनावर घेऊ नका.
मग चष्मा काढून:
खरं सांगू? मला माहीत नाही.

तेवढ्या 'माहीत नाही'वर अण्णांनी ठरवलं.

नवरात्रात सन्मतीचा गुडघा सुजला.
उंबऱ्याला नुसता लागला होता.
बर्फ, फळी, फडकं, परत बर्फ.
डबा मुजावरांकडेच राहिला.
तीन रात्री तो ओरडत होता
आणि मी, दहा वर्षांची, उशीखाली डोकं घालून
पाढे म्हणत होते.
आई अण्णांना म्हणाली,
"शिसं हाताळून हाताळून
तुमचं काळीजपण शिशाचं झालंय."

चौथ्या दिवशी इचलकरंजीचे शिकलगार आले,
दवाखान्याच्या बाकावर ओळख झालेले.
त्यांच्या यासीनचा दात पडला होता
आणि रक्त काही केल्या थांबत नव्हतं.
"तुमास्नी नको असलं तर आमाला द्या की."
अण्णांनी खिशातून कात्रण काढलं.
शिकलगारांनी बोट ठेवून दोनदा वाचलं.
"ही अमेरिकेची गोष्ट.
माझं पोरगं हितं रक्त गिळायलंय."

अण्णा उठले, डबा घेऊन आले.
पैसे घेतले नाहीत.
नको, असंही म्हणाले नाहीत.
म्हणाले फक्त, "तुम्ही वाचलंयसा, न्हवं?"

यासीनचं रक्त सकाळपर्यंत थांबलं.
शिकलगार पेढे घेऊन आले.
अण्णांनी पेढा हातात धरून ठेवला,
छापखान्यात जाईपर्यंत.

सन्मतीचा गुडघा वाकडाच राहिला.
पन्नाशीला आलाय, शाहूपुरीत घड्याळं दुरुस्त करतो,
बसून करायचं काम.
नव्वद साली इचलकरंजीहून एक पोस्टकार्ड आलं होतं.
अण्णांनी ते कुणाला वाचून दाखवलं नाही.
पुढचे दोन महिने ते घरी यायचे, जेवायचे,
हात मात्र धुतच राहायचे.

त्यांच्या मागे तंबाखूच्या डबीत
सुतळीनं आवळलेल्या चार ओळी सापडल्या.
छापून झाल्यावर खिळे खणात परत टाकायचे असतात,
अण्णांनी हे टाकले नव्हते.
सन्मतीनं डोळ्याला भिंग लावलं,
घड्याळाच्या काट्यांसाठी लावतो ते,
आणि उलटी अक्षरं सावकाश वाचली.
म्हणाला, बाकी सगळे धड आहेत गं,
एक 'असावा' तेवढा झिजलाय,
अंगठ्यानं कुणी रोज चोळल्यासारखा.