सातवा रकाना

काउन्सिलच्या गाडीला मेंढ्या वाट देत नाहीत.
वेल्सच्या ह्या डोंगरात
शिक्षण खात्याचा रुबाब त्यांना माहीत नसतो.
शेवटच्या फाटकाशी उतरले, कडी काढली,
गाडी आत घेतली, उतरून कडी लावली.
वीस मिनिटं उशीर.
शहरी बूट चिखलात भरवून
मेरेरिदच्या दाराशी उभी राहिले.

दार उघडलं, माणूसभर नाही, हातभर.
"तपासायला आलात, की मदतीला?"
बारा वर्षं ह्या नोकरीत
हाच प्रश्न, दर उंबऱ्यावर.
मी म्हणते, दोन्ही.
आणि दर वेळी माझं मलाच ते
तळ्यात-मळ्यात खेळल्यासारखं वाटतं.
"तुमचं पत्र मिळालं," ती म्हणाली.
आमची पत्रं दोन भाषांत जातात,
वेल्श आणि इंग्रजी.
दोन्हीत सारखीच थंड.

चहा आला. साखर कुणी विचारली नाही.
टेबलावर लोकर, अपूर्णांकांचं पुस्तक, मेंढ्यांचं जंताचं औषध,
आणि पलीकडे ग्वेनो, वय बारा,
जी शाळेत दीड वर्ष एक अक्षर बोलली नव्हती.
शाळेच्या फायलीत त्याला "असहकार" म्हटलंय.
मग एका सोमवारी आईनं चिठ्ठी पाठवली :
हिचं नाव पटावरून काढा.

मी फॉर्म काढला. ग्वेनो उठून वही घेऊन आली.
ओढ्याची पातळी. रोज सकाळी. तीन हिवाळे.
पुलाच्या खांबावर तिनंच रंगवलेल्या रेघा.
फेब्रुवारीतल्या एका पानावर शाई फुटलेली, खाली ओळ :
"आज रेघा बुडाल्या. अंदाजे लिहिते आहे. माफ करा."
कुणाची माफी, ते कळलं नाही.
मी ते गणितात लिहिलं, खोडलं,
भूगोलात लिहिलं,
मग दोन्हींमध्ये बाण काढला.

खरं सांगायचं तर तिथे बसून
मी दुसरंच एक दार बघत होते.
गेल्या वर्षीचं, गावातलं, निळं.
चार वेळा गेले. चार वेळा पडदा हलला.
पत्रांच्या फटीतून आवाज : "मुलगा ठीक आहे, आभारी आहोत."
मुलाचा आवाज नाही.
आत शिरायचा हक्क मला नव्हता.
हातात होते ते कागद,
ते पाठवत राहिले.
पाचव्यांदा गेले तर घर रिकामं.
माझ्या यादीत तो अजून आहे,
नाव, जन्मतारीख,
पत्त्याच्या जागी एक आडवी रेघ.

म्हणून विचारते, मेरेरिद.
हलणाऱ्या पडद्यामागे
दर वेळी वही नसते.

हे बोलले नाही. चहा प्याले.

"परीक्षेचं काय?" तिनंच काढलं.
बाहेरून बसायचं तर केंद्र चाळीस मैलांवर,
एका विषयाची फी दोन कोकरांएवढी.
विषय सहा.
"नाव नोंदवायला तुम्ही आहात.
फी भरायला कोण आहे?"

फॉर्मवर सातवा रकाना आहे :
कुटुंबास हवी असलेली मदत.
एकदा पट्टीनं मोजलाय, उंची अठरा मिलिमीटर.
मी बारीक अक्षरात सुरू केलं,
समासात चढले,
पान उलटलं.
खात्यात पैसा नाही, मला ठाऊक.
तिलाही ठाऊक.
तरी तिनं कप पुन्हा भरला
आणि काही न बोलता साखर पुढे सरकवली.

निघताना ग्वेनोची दुसरी वही दिसली,
उघडी, माझ्या बाजूनं उलटी.
उलटं वाचायला मी ह्याच नोकरीत शिकले.
"पाहुणी. वीस मिनिटं उशीर. बूट चुकीचे.
फाटकाची कडी लावली."
शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण.

परतताना कडी लावली,
गाडीत बसले,
पुन्हा उतरून ओढून पाहिली.